मंगल आणि खुरपणीची सावड

"ही पोरगी तुमी जीपमधी घाला आन् घेऊन जावा," सरपंच म्हणाले.

"कुठं?" मी विचारलं.

"ते तुमी बघा. सरकार तुमी हाय."

मी सरकार नव्हते. मी पंचायत समितीतली मुख्यसेविका होते. तालुक्यातल्या ग्रामसेविकांच्या कामावर देखरेख करायची, बालवाड्या पाहायच्या, महिला मंडळं खरोखर चालतात की नुसती बोर्डावर आहेत ते तपासायचं, हे माझं काम. एरवी मी एसटीने आणि पायी फिरायची. त्या दिवशी जीप मिळाली, कारण महिला मंडळाला शिवणयंत्र पोचवायचं होतं. यंत्र उतरलं, जीप रिकामी झाली, आणि परत जाताना ती रिकामी का जावी असा सरपंचांनी विचार केला.

गाव संगमनेरच्या पठार भागातलं. नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. बहात्तरचा दुष्काळ सरून पहिला धड पावसाळा लागला होता. बाजरी गुडघ्याला आली होती आणि गावातली प्रत्येक धडधाकट बाई खुरपं घेऊन रानात होती. सरपंच मला बांधाबांधाने घेऊन गेले आणि एका बाभळीपाशी थांबले.

बाभळीच्या बुंध्याला कासरा बांधलेला होता. बैलाला बांधतात तोच. त्याचं दुसरं टोक एका सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कमरेला होतं. मुलगी मातीत बसून बाभळीच्या शेंगा एकीला एक लावून ओळ करत होती. मी समोर उकिडवी बसले. तिनं वर पाहिलं नाही. मी एक शेंग उचलून पुढे केली. तिनं ती घेतली, जिथून मी उचलली होती बरोबर तिथं ठेवली, आणि घशातल्या घशात एक सूर धरून पुन्हा कामाला लागली.

"हिचं नाव काय?"

"मंगल. पन हाक मारून उपेग न्हाई. मुकी हाय. बहिरी बी आसंल."

बहिरी नव्हती. थोड्या वेळानं तिनं मान एका बाजूला वळवली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग लांबच्या चढावर एसटीची घरघर सुरू झाली.

तिची आई यमुना खुरपं हातात घेऊनच आली. नवरा कोपरगावकडे एका साखर कारखान्यावर रोजंदारीला, घरात दुसरं कोणी नाही, दीड-दोन एकर बाजरी. माझ्याकडे न बघता सरपंचांना म्हणाली, "अण्णा, बांधलीय ना आता. आजून काय करू?"

"रातीला सोडतीस ना? परवा सकाळी कुठं घावली ती सांग बाईंना."

परवा सकाळी मंगल गावच्या पाण्याच्या विहिरीच्या काठावर सापडली होती. पाय आत सोडून बसलेली. एकेक खडा आत टाकायची आणि तो पाण्यात पडल्याचा आवाज ऐकायची. विहिरीला कठडा नव्हता. दुष्काळात आजूबाजूच्या सगळ्या विहिरी आटल्या तेव्हा याच विहिरीनं गाव जगवलं होतं. पोरगी आत पडून मेली तर पाणी कोण पिणार, हा सरपंचांचा मुद्दा. पोरीचा मुद्दा त्यानंतरचा.

"कठडा का बांधत नाही?" मी विचारलं.

"अर्ज दिलाय. तुमच्याच समितीत हाय."

कठडा पुढे दोन वर्षांनी झाला, सरपंचांची स्वतःची गाभण म्हैस आत पडल्यावर.

सरपंच दुष्ट नव्हते. त्यांना त्रास नको होता. पोळ्यानंतरच्या मासिक बैठकीत ठराव करायचा, तो तालुक्याला पाठवायचा आणि पोरीला शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ते इस्पितळ मी एकदा पाहिलं होतं, दुसऱ्या एका कामासाठी. तिथं मोठी माणसं असतात. बोलता न येणारी सात वर्षांची मुलगी तिथं ठेवली तर तिला न्यायला परत कोण येणार आणि केव्हा, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय कोणालाही तिथं घेत नाहीत. आधी डॉक्टरला दाखवते. पोळ्यापर्यंत ठराव करू नका."

"पोळ्यापतुर," सरपंच म्हणाले. "पन बांधलेली ऱ्हाऊ द्या तवर."

जीप रिकामीच परत आली.

दुसऱ्या दिवशी मी बीडीओ साहेबांसमोर उभी राहिले. बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, तालुक्यातल्या सगळ्या योजनांचे प्रमुख. साहेब चांगले होते, फक्त योजनेच्या चौकटीबाहेरचं काही दिसलं की त्यांचं डोकं दुखायचं.

"हे आपल्या कुठल्या योजनेत बसतं?"

"कुठल्याच नाही."

"बालवाडी?"

"वय जास्त आहे."

"अंध-अपंग?"

"आंधळीही नाही, पांगळीही नाही."

"मग तुम्ही माझ्याकडे कशाला आलात?"

"योजनेत बसलं असतं तर आले नसते, साहेब. मला नगरला जायचंय. एक दिवस."

त्यांनी कपाळ दाबलं. "महिला मंडळाच्या कामासाठी जा. नगरला काहीतरी काम असेलच ना महिला मंडळाचं?"

काम होतं. नसतं तर काढलं असतं.

पुण्याचे एक मनोविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा नगरला येत, हे मला ओळखीच्या नर्सकडून कळलं होतं. यमुना, मंगल आणि मी एसटीने निघालो. संगमनेरपर्यंत मंगल खिडकीशी शांत बसली. तिथं गाडी बदलली आणि दुसऱ्या गाडीत खिडकी मिळाली नाही. लोणीपर्यंत ती किंचाळत होती. लोकांनी सल्ले दिले. एकानं लिंबू दिलं, एकीनं नजर काढायला मीठ-मोहरी शोधली, कंडक्टरनं उतरवायची धमकी दिली. शेवटी खिडकीतल्या एका माणसाला मी उठवलं. तो "पैशे मीबी दिल्यात" म्हणाला, पण उठला. किंचाळणं जसं सुरू झालं तसं थांबलं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मोजके. मंगल त्यांच्याकडे न बघता छताचा पंखा बघत होती. त्यांनी पंखा बंद केला, चालू केला, तिचं तोंड पाहिलं. यमुनेला बरंच काही विचारलं. लहानपणी मांडीवर घेतलं की अंग ताठ करायची का. बोट दाखवून मागते का, की तुमचा हात धरून नेते.

"हातच धरती," यमुना म्हणाली. "पानी पायजे आसलं की माजा हात धरून माठावर ठिवती. तोंडाकडं बघत न्हाई. जसा काय माजा हात म्हंजी तांब्याच हाय."

"कधी बोलली होती?"

"दोन वरसाची आस्ताना 'पानी' म्हनाली हुती. मग ते बी गेलं."

डॉक्टर म्हणाले, "याला ऑटिझम म्हणतात." मी शब्द पुन्हा विचारून घेतला. आमच्या प्रशिक्षणात तो कधी आला नव्हता. ते म्हणाले, मूल आपल्यातच मग्न असतं. ऐकू येतं, दिसतं, कळतंही बरंच. पण माणसांशी जोडून घेणं जमत नाही. जग आपल्याला ओळखीचं वाटतं तसं त्याला वाटत नाही, गोंगाट वाटतो. म्हणून ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतं. तेवढं तरी ठरलेलं राहतं.

"औषध?"

"नाही."

"शाळा?"

"मुंबईत कुठंकुठं प्रयत्न चालू आहेत. तुमच्या गावाहून रोज कोण नेणार?"

"मग आम्ही इतक्या लांब येऊन काय मिळवलं?" मी विचारलं.

ते हसले. "काय करायचं नाही ते कळलं. हिला वेड लागलेलं नाही. वेड्यांच्या इस्पितळात हिचं काम नाही, तसं लिहून देतो. बांधू नका. सांभाळणारं माणूस तेच, जागा तीच, दिवसाचा क्रम तोच ठेवा. हळूहळू शिकेल. किती, ते आज नाही सांगता येणार."

परतीच्या गाडीत यमुना म्हणाली, "म्हंजी बरी हुनार न्हाई."

"नाही. पण शिकेल."

"मंग गावाला तसंच सांगा, बाई. बरी हुनार म्हनू नका. लोक रोज इचारतील, झाली का बरी, झाली का बरी. म्या काय सांगू?"

मला तिचं म्हणणं पटलं.

आता प्रश्न राहिला सांभाळायचा. यमुना घरी बसू शकत नव्हती. याचं कारण सावड. सावड म्हणजे बायकांनी एकमेकींच्या रानात पाळीपाळीनं काम करायचं. आज तुझ्या रानात सगळ्याजणी, उद्या माझ्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही. माझ्या रानात तू जितके दिवस खुरपलंस तितके दिवस मी तुझ्या रानात खुरपायचं. जी सावडीत जात नाही, तिच्या रानात कोणी येत नाही. एकट्या बाईनं दीड-दोन एकर बाजरी खुरपायची म्हटलं तर एक टोक होईपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा तण येतं. दुष्काळानंतरचं पहिलं पीक गेलं असतं तर यमुनेला गाव सोडावं लागलं असतं, आणि मग सरपंचांना ठराव करायचीही गरज पडली नसती.

मी महिला मंडळाची बैठक घेतली, नव्या शिवणयंत्राच्या खोलीत. अध्यक्षा पार्वताबाई, सरपंचांच्या पत्नी. बहुतेक गावांत ही दोन्ही पदं एकाच घरात असत. पण पार्वताबाई नुसत्या नावाच्या अध्यक्षा नव्हत्या. त्या बोलल्या की बाकीच्या ऐकत.

डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. बांधायचं नाही. माणूस तेच, जागा तीच. यमुना रानात असताना कोणीतरी मुलीवर लक्ष ठेवायला हवं.

"ठिवू की," पार्वताबाई म्हणाल्या. "येवढं काय त्यात? आमी बघतो. तुमी जावा बिनघोर."

मी गेले. राजूरकडच्या बाजूला आमच्या शेजारच्या तालुक्याचं एक शिबिर होतं, तिथं दोन आठवडे अडकले. परत आले आणि थेट त्या गावी उतरले. स्टँडवर पहिले सरपंच भेटले.

"झालं बाई तुमचं? पोरगी परवा पुन्ना हिरीवर हुती."

मंगलच्या मनगटावर तिच्याच दातांचे व्रण होते. गालफडं बसली होती. यमुना म्हणाली, खात नाही, झोपत नाही, भिंतीवर डोकं आपटते. बांधलेली होती तेव्हा बरी होती.

मी पुन्हा बायकांना बोलावलं. त्या रागावलेल्या आल्या. रागवायचा त्यांना हक्क होता. त्यांनी शब्द पाळला होता. प्रत्येकीनं एकेक दिवस मंगलला घरी ठेवलं होतं, स्वतः रानात न जाता.

"पाळीपाळीनं?" मी विचारलं.

"मंग? सावडीवानीच. एकीवरच भार कशाला?"

हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण त्यांच्या दृष्टीनं दुसरा मार्गच नव्हता. कुठलंही काम असो, ते घराघरात सारखं वाटायचं, कोणाच्या वाट्याला जास्त नाही, कोणाच्या कमी नाही. तीच त्यांची न्यायाची रीत होती, आणि एरवी ती चोख चालायची.

मी प्रत्येकीला विचारलं, तुझ्या घरी काय झालं.

"म्या न्हाऊ घातली, येनी घातली, रिबीन बांधली. रिबीन तिनं चुलीत टाकली."

"म्या पुरनाची पोळी केली हुती. माज्या सासूनं बी इतकं कवतिक कधी बघितलं न्हाई. ताटच भिरकावलं."

"आमच्या ह्यांनी मारुतीला नेली. पुजाऱ्याला चावली."

"माजी नातवंडं तिला गानी म्हनून दावीत हुती. कानांवर हात ठिवून कोपऱ्यात बसली दिसभर."

रोज नवं घर, नवं अंगण, नवी माणसं. त्यात प्रत्येक घराला वाटायचं की आपल्याकडे तिचं कालच्यापेक्षा जास्त कौतुक व्हावं. डॉक्टरनं सांगितलेलं एकही पथ्य राहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "हिला रोज एकाच घरी ठेवायला हवं."

पार्वताबाई म्हणाल्या, "रोज कोन बसंल? जी बसंल तिचं रान कोन खुरपंल?"

"तुम्ही सगळ्या. तिनं मुलीला सांभाळायचं, तुम्ही तिचं रान खुरपायचं. तीही सावडच."

"न्हाई बाई. खुरपनीची फेड खुरपनीनं. घरी बसून पोर राखनं ह्ये काय काम हाय का?"

सगळा पेच इथं होता. मुलं सांभाळणं हे काम आहे असं मी वीस भाषणांत सांगितलं असेन, आणि बायका मान डोलावून घरी गेल्या असतील. मी भाषण केलं नाही. नुसतं विचारलं, "तुमच्यातल्या प्रत्येकीनं एकेक दिवस केलंय. तुम्हीच सांगा. मंगलचा एक दिवस जड की खुरपणीचा?"

रिबीनवाली म्हणाली, "खरं सांगू का? म्या दुसऱ्या दिशी रानात गेले तवा सुटल्यावानी वाटलं."

"माजी तर कंबर धरली हुती पळून पळून," दुसरी म्हणाली.

"दोन दिसाची खुरपनी परवडली," तिसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. पार्वताबाईही हसल्या, पण कमी. त्यांच्या घरून मंगल विहिरीवर गेली होती, आणि तिच्यामागे आख्ख्या गावादेखत पळायची पाळी त्यांच्यावर आली होती.

"बरं," त्या म्हणाल्या. "एका दिसाला एक दिस. पन कोन?"

नाव मीच काढलं. कौसाबाई. गावाच्या कडेला राहायची, गुडघे गेलेले. चालता येतं, पण उकिडवं बसता येत नाही म्हणून खुरपणी नाही. खुरपणी नाही म्हणून सावडीत नाही. तिचं अर्धा-पाऊण एकर रान दरवर्षी तणात जायचं. दिवसभर ओट्यावर बसून लोकांच्या गोधड्या शिवायची. बोलायला कडू. बैठकीला आली नव्हती, तिला कोणी बोलावलंच नव्हतं. आम्ही तिच्या ओट्यावर गेलो.

"मला पोरं आवडत न्हाईत," कौसाबाई सुई न थांबवता म्हणाली.

"म्हणूनच आले. हिला कौतुक नको आहे."

"म्या गानी-बिनी म्हननार न्हाई."

"म्हणू नका."

"जेवली तर जेवली. मागं लागनार न्हाई."

"लागू नका. ओट्यावरून गेली तर तेवढं आणा."

तिनं दोरा तोडला. "आन् माजं रान?"

"उद्यापासून," पार्वताबाई म्हणाल्या.

मंगल पहिले काही दिवस ओट्याच्या दूरच्या कोपऱ्यात पाठ करून बसली. कौसाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. मग मंगल चिंध्या ओढू लागली. लाल चिंध्यांची ओळ, निळ्या चिंध्यांची ओळ. कौसाबाईला लाल तुकडा लागला की त्या ओळीतला शेवटचा उचलायची. मधला उचलला की किंचाळणं व्हायचं, हे तिला एकदाच कळलं आणि पुरलं. दिवस उतरला की दोघी विहिरीवर जायच्या, रोज त्याच वाटेनं. मंगलचा हात कौसाबाईच्या मुठीत. एक खडा टाकायचा, आवाज ऐकायचा, घागर भरली की परत. चावणं थांबलं. जेवू लागली.

तरी पोळा झाला आणि सरपंच ठरावाचं बोलू लागले. त्यांनी शब्द दिला होता पोळ्यापर्यंतचा, आणि तो पाळला होता. पंचायतीच्या बैठकीला मी मुद्दाम गेले. डॉक्टरांनी लिहून दिलेलं वाचून दाखवलं. सरपंच म्हणाले, "डाक्टर तिकडं. हीर हितं हाय. आज गुमान हाय, उद्याचं कोन सांगतं?"

दारात पार्वताबाई उभ्या होत्या. त्या पंचायतीच्या सदस्य नव्हत्या, त्यामुळे आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच माझ्याकडे बघत बोलल्या.

"बाई, ह्यांना सांगा, ठराव करायचा तर करा. पोरगी गेली की यमुना तिच्यामागं जानार. कौसाबाईची सावड मोडनार. मोडल्या सावडीतल्या बाया उद्या कुनाच्या बी रानात जायच्या न्हाईत, आसं समद्यांचं ठरलंय."

"उद्या कुनाचं रान हाय?" एका सदस्यानं विचारलं.

"आमचंच," पार्वताबाई म्हणाल्या. "मटकी हाय. तनानं भरलीय."

सदस्य सरपंचांकडे बघू लागले. सरपंच बराच वेळ टोपी सारखी करत राहिले. मग मला म्हणाले, "तुमी लिहून घ्या, बाई, का पंचायतीनं ह्या इषयावर चर्चा केली."

"आणि निर्णय?"

"चर्चा केली. म्होरला इषय."

मंगल गावातच राहिली. ती बोलत नाही. "पानी" हा एक शब्द परत आला आहे, तोही कौसाबाईपाशीच. गोधडीसाठी चिंध्या रंगवार लावते, सुईत दोरा ओवते. यमुनेची बाजरी त्या वर्षी घरात आली, आणि कौसाबाईचीही, तिच्या म्हणण्याप्रमाणे कित्येक वर्षांत पहिल्यांदा. मंगल आजही कधी कधी किंचाळते, आणि कौसाबाई आजही म्हणते की तिला पोरं आवडत नाहीत.

पुढे एका प्रशिक्षणात मी हे सांगितलं, तेव्हा वरच्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं, दुसऱ्या गावात असं करायचं तर सुरुवात कशी करायची, आधी बैठक घ्यायची का.

मी म्हटलं, आधी प्रत्येकीला मुलाच्याच घरी बसवून एक दिवस ते सांभाळायला लावा, आणि मग बैठक घ्या. बैठक आधी घेतली की सगळ्या हो म्हणतात. एक दिवस सांभाळल्यावर जी हो म्हणते, तिच्या भरवशावर पुढचं काम करता येतं.